बांधावरच्या गुळवेलीची पंचवीस वर्षं

लहानपणी मी गुळवेल ओळखायला शिकलो ते ती उपटण्यासाठी. अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग होती. आंबे बहाराची फळं रंगावर आली की अंधार पडताच पतंग यायचे. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे नारिंगी. ते फळात सोंड खुपसायचे, टोचलेली जागा सडायची आणि चार दिवसांत फळ जमिनीवर. संध्याकाळी बागेत धूर करणं हे आम्हा पोरांचं काम. या पतंगांच्या अळ्या मात्र मोसंबीवर वाढत नाहीत. त्यांना पानं लागतात गुळवेलीची, वासनवेलीची. म्हणूनच बागेच्या बांधावरच्या या वेली नष्ट करा, असा सल्ला कृषी खातं देत आलंय. आमचे तात्या तेच थोडक्यात सांगायचे, "पतंगाची मावशी हाय ती. दिसली की तोड."

तोडायचो. पण बुडातून कापलेली वेल लिंबावर तशीच हिरवी लोंबकळत राहायची, आणि पावसाळ्यात तिच्यातून सुतळीसारखं मूळ सुटून थेट जमिनीकडे यायचं. तात्या चिडायचे. पुढे कितीतरी वर्षांनी तिची संस्कृत नावं वाचनात आली, त्यातलं एक होतं छिन्नरुहा, म्हणजे कापली तरी वाढणारी. दुसरं चक्रलक्षणा. खोड आडवं कापून पाहिलं तर आत बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. नावं ठेवणाऱ्यांनी विळा हातात धरलेला असणार, यात मला शंका नाही.

2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या असंख्य बागा वाळल्या, त्यात आमचीही गेली. टँकरनं पाणी घालून पाहिलं, मग कुऱ्हाड लावली. बांधावरच्या लिंबावरची वेल तेवढी शाबूत होती. त्यानंतरच्या जूनमध्ये मी तिच्या वीतभर लांबीच्या, अंगठ्याएवढ्या जाड कांड्या शहरातल्या घरी आणल्या. दोन डोळे असलेली कांडी पुरते. पहिल्या खेपेला दोन उलट्या लावल्या आणि एक रोज पाणी घालून कुजवली. चौथी लागली.

2020 साली याच वेलीसाठी लोक दारात येऊ लागले. करोनाच्या धास्तीनं घरोघरी काढे उकळत होते. साथीच्या त्याच काळात ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी तरुणांना मोठ्या औषध कंपन्यांकडून 350 टन गुळवेलीची, दीड कोटी रुपयांहून जास्त किमतीची मागणी आली. मला त्या बातमीचा आनंद झाला. आमच्याकडची कथा वेगळी. ओळखीच्या एकानं रोपवाटिकेतून 'गुळवेल' विकत आणली आणि मला दाखवली. पान तसंच, बदामाच्या आकाराचं. पण खोडावर बोटानं चाचपता येतील असे मोठाले फोड. गुळवेलीच्या जून खोडावर बारीक पुटकुळ्या असतात खऱ्या, पण वरची साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवा रंग दिसतो. हे फोडवालं खोड तिच्या भावकीतल्या दुसऱ्या वेलीचं, टिनोस्पोरा क्रिस्पाचं. तिसरीही एक आहे, तिच्या पानांना खालून लव असते.

2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की वेल ओळखण्यात चूक झाली असावी. फोडवाली वेल मी पाहिलेली असल्यामुळे मला ते लगेच पटलं. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 रुग्णांची नोंद मांडली, आणि तपासलेल्या नमुन्यांत खरीखुरी गुळवेलच निघाली. माझी खात्री तिथे ढासळली. तेव्हापासून कांडी देताना मी खोड दाखवतो, पान उलटं करून दाखवतो, आणि रोज काढा पिणाऱ्याला आधी डॉक्टरकडे पाठवतो. काही जण रागावतात.

आता गर्दी ओसरली आहे. वेल दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली आहे. तिच्यावर दरवर्षी त्या पतंगाच्या अळ्या दिसतात, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या, वाकून बसणाऱ्या. मोसंबी आता आमची नाही, त्यामुळे मी त्यांना खाऊ देतो. तात्या असते तर बोलले असते.

एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. उन्हाळ्यात वेलीला पिवळसर फुलांचे झुपके येतात, पण वाटाण्याएवढी लाल फळं आजवर एकदाही धरली नाहीत. गुळवेलीत नर वेल वेगळी, मादी वेगळी. माझी नर आहे, आणि माझ्याकडून ज्यांनी कांड्या नेल्या त्या सगळ्यांच्या दारातही तोच नर उभा आहे. तुमच्या बांधावर लाल फळं धरणारी गुळवेल असेल, तर मृगाचा पाऊस पडला की तिची वीतभर कांडी माझ्यासाठी बाजूला ठेवा.