जुन्या गाडीला टर्बो : एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कोणता?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभारला, तेच आजचं किर्लोस्करवाडी. यंत्रांची ओळख असलेल्या या टापूत कुणी कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला टर्बो बसवायचं म्हटलं, तर आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघावा.

टर्बोमुळे सिलिंडरमध्ये जास्त हवा, जास्त इंधन आणि अर्थात जास्त उष्णता येते. शिवाय टर्बाइनच्या अडथळ्यामुळे तापलेला धूर सहज सुटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत तापतो. त्याची बरीचशी उष्णता, तो बंद होताना ज्यावर टेकतो त्या सीटमधून हेडमध्ये जाते, म्हणून टर्बोसाठी सीटची पट्टी फार अरुंद घासू नये. हौशी मंडळी नेमकं तेच करतात!

व्हॉल्व्हसाठी साध्या पोलादाऐवजी 21-4एन हे पोलाद घ्यावं. यात सुमारे 21 टक्के क्रोमियम आणि 4 टक्के निकेल असतं. त्याला लोहचुंबक चिकटत नाही, पण काही व्हॉल्व्हची दांडी वेगळ्या पोलादाची असते, म्हणून चुंबक डोक्याला लावून पाहावा. टर्बोचा दाब बराच वाढवणार असाल तर इनकोनेल, म्हणजे निकेलप्रधान मिश्रधातू. ते महाग पडतं. टायटॅनियमच्या मोहात पडू नका. रोजच्या वापरातल्या, बेताच्या दाबाच्या गाडीला 21-4एन पुरेसं आहे.