हास्केल: संकलनाच्या आज्ञांमधील स्थित्यंतर

हास्केल या फलनाधारित भाषेतील प्रोग्रॅम 'रनजीएचसी' या आज्ञेने संकलनाविना लगेच चालविता येतो; 'जीएचसी' ही आज्ञा त्याचे यंत्रभाषेत संकलन करते व वेग साधते. खरी अडचण लायब्रऱ्यांची होती. पूर्वी 'कबाल' हे साधन त्या सामायिक साठ्यात बसवी. नव्या कामासाठी एखादी आवृत्ती बदलली, की कालपर्यंत चालणारा जुना प्रकल्प मोडे. त्यात दोष विद्यार्थ्याचा नसे. २०१५ मध्ये आलेल्या 'स्टॅक'ने परस्परसुसंगत आवृत्त्यांचा निश्चित संच आधारास घेतला. २०१९ च्या 'कबाल ३.०'पासून प्रकल्पनिहाय बांधणी हीच मूळ पद्धती ठरली. निवडलेल्या आवृत्त्या कायम राखावयाच्या असल्यास मात्र 'कबाल फ्रीझ' ही आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते.