खारातली कैरी आणि मिठाचा कर

वैशाख सरत आला की कोकणातल्या खेडच्या घराघरांत पावसाळ्याच्या बेगमीची धांदल उडते. कैऱ्या खारात पडतात, आमसुलं वाळतात, आगळ बाटल्यांत भरलं जातं, सुकी मासळी डब्यांत जाते. कैरी परसातली, रातांबे परसातले. मीठ मात्र विकतचं. ते टाळून घर चालत नाही. म्हणूनच राज्य कोणाचंही असो, करवसुलीची नजर मिठाकडे वळत आली.

मिठावरच्या जकातीची एक जुनी, शहाणी नोंद कोकणातलीच आहे. १६७१ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र पाठवून बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. पोर्तुगीज मुलखातलं ते मीठ स्वस्त पडे आणि त्यामुळे स्वराज्यातला मिठाचा व्यापार बुडण्याची भीती होती. ही जकात आपल्या मिठागरांना घातलेलं कुंपण होती.

त्या काळी जकात मुख्यतः वाटेवर घेतली जाई. खेडची पेठ अशाच वाटेवरची. भरतीच्या पाण्यावर दाभोळहून हलके पडाव जगबुडीतून इथवर येत आणि पुढे माल बैलांच्या पाठीवरून घाट चढे. १८१८ नंतर हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. रोजच्या वस्तूंवर कर कसा लावायचा, याचा दांडगा अनुभव त्या राज्यकर्त्यांना मायदेशातच मिळालेला होता.

अठराव्या शतकातलं ब्रिटन वारंवार युद्धात होतं आणि युद्धाचा खर्च घरातल्या जिनसांतून निघे. १७०९ पासून मेणबत्तीवर कर, १७१२ पासून साबणावर, १७४५ पासून काचेवर, १७८४ पासून विटांवर. खिडक्यांवर तर १६९६ पासूनच कर होता, म्हणून लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. साबणाच्या कढया रात्री गुपचूप चढू नयेत म्हणून त्यांना सरकारी कुलपं लागत. मेणबत्ती न परवडणारी घरं लव्हाळ्याचा गाभा चरबीत बुडवून उजेड करत. चहावरचा कर शंभर टक्क्यांच्या वर गेला, तेव्हा चोरटा चहा देशभर विकला जाऊ लागला. अखेर १७८४ मध्ये तो कर साडेबारा टक्क्यांवर आणावा लागला. मिठावरचा कर नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत मिठाच्या मूळ किमतीच्या कित्येक पट झाला होता. लोकांची नाराजी वाढत गेली आणि १८२५ मध्ये ब्रिटनने तो रद्द केला.

त्यानंतर जेमतेम बारा वर्षांनी, १८३७ मध्ये, मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे आठ आणे कर बसला. वाटेवरच्या जकाती उठवल्या, त्यांची भरपाई मिठातून करायचं ठरलं. व्यापाऱ्याची वाट मोकळी झाली आणि भार स्वयंपाकघरावर आला. १८४४ मध्ये हा दर एक रुपया होताच सुरतेत लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. पुढे तो पुन्हा चढला. १८८२ मध्ये तो दोन रुपयांवर उतरला, पण १८८८ मध्ये अडीच रुपये झाला. सावकाराच्या आणि त्याच्या कुळाच्या जेवणात मीठ जवळपास सारखंच लागतं. पण कुळाच्या कमाईतून जाणारा वाटा कितीतरी मोठा. मिठाच्या करातला अन्याय तो हाच.

म्हणूनच मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तेव्हा सामान्य माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. शिरोडा तेव्हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. अखेर १ एप्रिल १९४७ पासून मिठाचा कर उठला.

आज जीएसटीतही मिठावरचा दर शून्य आहे. त्या शून्यामागे एवढा इतिहास आहे. रोजच्या वस्तूवरच्या नव्या कराची बातमी वाचाल, तेव्हा तिजोरीत किती भर पडेल हे पाहण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: ही वस्तू टाळून गरिबाचं घर चालतं का? चालत नसेल, तर तो कर कितीही लहान असो, अन्यायाचाच आहे.