शेजारघरची किल्ली

धाराशिव तालुक्यातील तेर हे आज एक साधे गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मात्र ‘तगर’ या नावाने ते ग्रीक व्यापाऱ्यांनाही ठाऊक होते. ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात त्याचे वर्णन पैठणच्या पूर्वेस सुमारे १० दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे नगर असे आले आहे. तेथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई. भडोच ते पैठण हीच वाट २० दिवसांची. म्हणजे माल पोचवून परतण्यास दोन महिने सहज लागत. त्या काळात व्यापाऱ्याचे घर आणि कोठार कोणाच्या तरी भरवशावर असणारच. त्या ‘कोणाच्या तरी’ची नोंद मात्र प्रवासग्रंथात सापडत नाही.

धर्मशास्त्राने त्याची दखल घेतली. मनुस्मृतीतील व्यवहाराच्या १८ पदांत ऋणादानानंतर लगेच निक्षेपाचा, म्हणजे विश्वासाने सोपविलेल्या ठेवीचा, क्रम लागतो. इंग्रजी अमदानीतला १८७२ चा करार कायदाही याच वाटेने गेला. सोपविलेल्या वस्तूची काळजी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घ्यावी, असे तो सांगतो. मोबदला घेतला की नाही, याने त्यात फरक पडत नाही. शेजाऱ्याने चहाचा कपही न घेता किल्ली ठेवून घेतली, तरी जबाबदारी तेवढीच.

जैन आचारशास्त्र याहून बारीक पाहते. ठेव नाकारणे किंवा तिच्यातील काही दाबून ठेवणे याला न्यासापहार म्हणतात. हा दोष चोरीत मोडावा, असे कोणालाही वाटेल. तत्त्वार्थसूत्राने तो अचौर्याणुव्रताखाली न ठेवता सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ठेवला आहे. कारण ठेव शब्दावर दिली जाते आणि शब्दानेच बुडविली जाते. चोराला कुलूप फोडावे लागते. ज्याच्या हाती किल्ली आहे, त्याला केवळ ‘मला ठाऊक नाही’ म्हटले की पुरते.

त्याच पाचांतील आणखी दोन अतिचारही किल्ली सांभाळणाऱ्याने ध्यानात घेण्याजोगे आहेत. रहोभ्याख्यान म्हणजे एकांतातील गोष्ट बाहेर बोलणे आणि साकारमंत्रभेद म्हणजे हावभावांवरून ताडलेले गुपित फोडणे. बंद घरात शिरलेल्याला न मागताही बरेच काही दिसते. कोणाची औषधे कपाटात आहेत, कोणत्या पेढीचे तगाद्याचे पत्र आले आहे, मुलीच्या स्थळाचा फोटो कोठे ठेवला आहे. पैशाला हात न लावताही हे घर लुटता येते. छोट्या गावातल्या पेठेत, जिथे पत आणि सोयरीक दोन्ही चार तोंडांवर अवलंबून असतात, तिथे ही लूट दागिन्यांच्या चोरीहून महाग पडते.

घर मागे ठेवून निघण्याचे प्रसंग या जिल्ह्याला नवे नाहीत. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण-देशभूषण मुनींचे सिद्धक्षेत्र. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथे सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला त्यांचा देह विसावला. त्या दिवसांत दूरदूरचे श्रावक कुंथलगिरीला लोटले. एवढी कुटुंबे बाहेर पडली, तेव्हा त्यांच्या गल्ल्यांत कोणीतरी मागे राहिले असेलच. दर्शन न घेता दुसऱ्याच्या ओसरीवर निजलेल्या त्या माणसाच्या वाट्याला अनुमोदनेचे पुण्य आले, असे श्रावकाचार सांगेल. त्याला स्वतःला त्या रात्री काय वाटले असेल, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

पूर्वी या राखणीला गावाची बांधणीच मदत करी. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळ्या आणि वर मातीचे जड माळवद. घराला घर लागून; दोन कुटुंबांत बहुधा एकच भिंत. पापड-कुरडया वाळवायला माळवदावर गेलेल्या बाईला शेजारचे अंगण आपोआप दिसे. पलीकडे भांडे पडले, तरी अलीकडे कळे. ‘घराकडं लक्ष असू द्या’ एवढे म्हणून निघता येत होते, त्यामागे ही भिंत होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हीच भिंत आणि हेच माळवद जीवघेणे ठरले. आदल्या दिवशी गणेशविसर्जन करून गावे झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारीप्रमाणेच तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. झोपेतली हजारो माणसे दगडमातीखाली गेली. त्याच ढिगाऱ्यात धान्य, भांडी, दागिने आणि खरेदीखतेही होती. कोणती वस्तू कोणाच्या घरातली, हे सांगू शकणारा बहुतेक वेळा शेजारीच. आणि तो वाचलेला असेलच, असे नव्हते.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. रस्ते रुंद व सरळ झाले, घरे सुटी झाली. भूकंपाच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण जुन्या गल्लीच्या कित्येक पट पसरलेल्या या गावठाणात भिंतीला भिंत राहिली नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार नव्या आखणीत जागोजाग विखुरला. घरे अधिक मजबूत झाली. शेजाऱ्याचे घर नुसते कानावर ठेवण्याची सोय तेवढी गेली. आता लक्ष ठेवायचे, तर उठून जावे लागते.

उठून जाणारेही आहेत. कळंब, भूम, परंडा, वाशी या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे न जाण्याची मुभा नसते. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाच-सहा महिने फडावर काढून ही माणसे उन्हाळ्यात परततात. मागे दाराला कुलूप किंवा घरात एखादी म्हातारी. तिच्या गोळ्या संपल्या का, रेशन आणले का, रात्री दिवा लागला का, हे पाहणे म्हणजेच येथे घराची राखण. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला गारपिटीने झोडपले, तेव्हा हंगाम चालूच होता. अशा वेळी फुटलेल्या पत्र्यावर ताडपत्री टाकायला घरधनी शेकडो किलोमीटरांवरून येऊ शकत नाही. चोरीविषयी यात फारसे काही बोलायचेच नसते; नेण्याजोगे घरात थोडेच असते.

व्यापारी घरांची गोष्ट उलटी. नेण्याजोगे बरेच असते, म्हणून शेजाऱ्यावरचा भारही अधिक. शिखरजीला निघताना सोने कपाटात ठेवून किल्ली शेजारी देणे म्हणजे त्या बिचाऱ्याची पंधरा दिवसांची झोप मोडणे. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत, पोलीस ठाण्यात कळवावे आणि प्रवासातले फोटो परतल्यावरच इतरांना पाठवावेत. दूध व वर्तमानपत्र बंद करावे. दारात साचलेली वर्तमानपत्रे घर रिकामे असल्याची जाहिरातच करतात. हंडे-कळशा पालथ्या घालाव्यात, कूलरमधले पाणी काढून टाकावे. साचल्या पाण्यात जीव पडतात आणि त्या हिंसेचे निमित्त विनाकारण शेजारी होतो. कोणत्या खोलीत जायचे आहे, कोणत्या नाही, हे संकोच न करता सांगावे. परतीची तारीख बदलली, तर तेही कळवावे.

जुनी, जाणती माणसे आणखी एक पथ्य सांगतात. यात्रेहून रात्री कितीही उशीर झाला, तरी शेजाऱ्याला हाक मारावी आणि कुलूप त्याच्या समक्ष उघडावे. मग चहा कोणाच्या घरी, हे ज्याच्याकडे दूध असेल त्याच्यावर.