उन्हाळा, पाणी आणि प्लॅस्टिकची नखे

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. सोलापुरात पारा ४२ अंशांच्या पुढे गेला होता आणि आमच्याकडे लग्नाची धांदल होती. माझ्या भाचीने थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी हौसेने दोन्ही हातांना ॲक्रिलिकची लांब नखे बसवून घेतली. हळद झाली, मेंदी रंगली, लग्नही थाटात लागले. आठ-दहा दिवसांनी ती माझ्यासमोर हात पसरून बसली. दोन नखे मुळाकडून उचलली होती, एक टोकाशी तडकले होते आणि बाकीची पिवळट दिसत होती.

"मामा, उन्हाने वितळली का हो ही?"

"वितळण्याइतकी तापली असती, तर आधी तुझं बोट भाजलं असतं," मी म्हणालो.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, भाचीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. उन्हाळ्यात ही नखे लवकर खराब होतात, हा अनुभव खरा आहे. मग ऊन नाही, तर दोष कोणाचा? त्याचे उत्तर तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकांतच सापडते. चला, शोधू या.

दाताच्या दवाखान्यातून नखावर

आपले नख केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते. केस, गाईची शिंगे, घोड्याचे खूर यांतही केराटिनच असते. नखाच्या दिसणाऱ्या भागात जिवंत पेशी नसतात, म्हणून ते कापताना दुखत नाही. पण ते दगडासारखे कोरडेही नसते. त्यात थोडे पाणी नेहमीच मुरलेले असते आणि त्यामुळेच ते न तुटता थोडेसे वाकू शकते.

ॲक्रिलिक हे मात्र माणसाने बनविलेले बहुवारिक आहे. बहुवारिक म्हणजे लहान लहान रेणू एकमेकांना जोडून तयार झालेली लांबच लांब साखळी. जर्मनीतील ऑटो रोम या रसायनशास्त्रज्ञाच्या कंपनीने १९३३ मध्ये ॲक्रिलिकची पारदर्शक काच 'प्लेक्सिग्लास' या नावाने बाजारात आणली. पुढे दंतवैद्य कवळ्या बनविण्यासाठी ॲक्रिलिक वापरू लागले. १९५४ मध्ये फ्रेड स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचे नख काम करताना तुटले. हाताशी होते ते दातांचे ॲक्रिलिक आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. त्यांतून त्याने स्वतःसाठी नख तयार केले. आजच्या ॲक्रिलिक नखांची सुरुवात अशी कवळीच्या सामानातून झाली!

ही नखे बसविताना एक द्रव आणि एक पावडर घेतात. द्रवात सुटे रेणू असतात; आज बहुधा ईथाईल मेथाक्रिलेट हे संयुग वापरतात. पावडरीत आधीच तयार झालेल्या साखळ्यांचे बारीक कण आणि क्रिया सुरू करणारा एक पदार्थ असतो. द्रवात बुडविलेला ब्रश पावडरीत टेकवला की ओला गोळा तयार होतो. तो नखावर पसरतात. सुटे रेणू हातात हात घालून उभे राहिल्याप्रमाणे जोडले जातात आणि काही मिनिटांत गोळ्याचे कठीण कवच बनते.

इस्तरीतली पट्टी

आता बोटावर दोन थर झाले. खाली केराटिन, वर ॲक्रिलिक. दोघांचा स्वभाव वेगळा, पण बांधले मात्र एकत्र. अशी एक जोडी तुमच्या ओळखीची आहे. इस्तरीचे तापमान ताब्यात ठेवणारी द्विधातू पट्टी! तिच्यातील एक धातू तापल्यावर जास्त वाढतो, दुसरा कमी. दोघे घट्ट जोडलेले असल्याने पट्टी वाकते.

आपल्या नखाचेही असेच होते काय? हिशेब करू. ॲक्रिलिकचा एकरेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सियसला सुमारे ०.००००७ आहे, म्हणजे लोखंडाच्या जवळजवळ सहापट. नखाची लांबी १५ मिलिमीटर धरा. माठातले पाणी २२ अंशांचे आणि बाहेरची हवा ४२ अंशांची, म्हणजे फरक २० अंशांचा.

१५ × ०.००००७ × २० = ०.०२१ मिलिमीटर.

आपला केस साधारणपणे ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे ही वाढ केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहूनही कमी झाली. शिवाय बोटातून सतत रक्त वाहते आणि ते नखाचे तापमान फारसे हलू देत नाही. हवेत २० अंशांचा फरक पडला, तरी बोटावर टेकलेल्या नखात तेवढा पडत नाही. उन्हाचा दोष आहे, पण तो दुय्यम. खरा गुन्हेगार दुसराच आहे.

गुन्हेगार सापडला

एक सोपा प्रयोग करा. नखे कापल्यावर सारख्या आकाराचे दोन तुकडे घ्या. एक तासभर पाण्यात ठेवा, दुसरा कोरड्या उन्हात. मग दोन्ही वाकवून पाहा. भिजलेला तुकडा सहज वाकेल, वाळलेला कडकन मोडेल. पाणी मुरले की नख फुगते व मऊ होते, वाळले की आकसते व ठिसूळ होते. ॲक्रिलिक मात्र फारच थोडे पाणी घेते. पुष्कळ दिवस बुडवून ठेवले, तरी त्याच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे आपली दोन थरांची पट्टी तापमानाने थोडी, पण पाण्याने खूप वाकते! खालचा थर फुगतो आणि आकसतो, वरचा जागचा हलत नाही. ओढाताण होते ती दोघांच्या सांध्यावर. वरून प्लॅस्टिकचे झाकण असले, तरी नखाच्या मोकळ्या टोकाखालून आणि कडांमधून पाणी शिरतेच.

आता सोलापूरचा उन्हाळा आठवा. आपला उकाडा मुंबईसारखा दमट नाही, कोरडा आहे. कोरड्या हवेत कापसाचे सूत ठिसूळ होऊन तुटते, म्हणून गिरण्यांत मुद्दाम हवा दमट ठेवावी लागते, हे आपल्या या गिरणगावात वेगळे सांगायला नको. नखाचीही तीच तऱ्हा. दुपारच्या झळांत ते वाळते. घरी आल्यावर आपण कूलरसमोर बसतो. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो, म्हणून ती हवा दमटही असते. दिवसातून पाच वेळा तोंड-हात धुणे, दोनदा आंघोळ, घामाने ओली बोटे, आणि पुन्हा बाहेरच्या झळा. वाळणे आणि भिजणे यांची ही फेरी उन्हाळ्यात दिवसाला कितीतरी वेळा होते. तार एकदा वाकविल्याने तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकविल्याने तुटते. सांध्याचेही तसेच होते.

आमच्या भाचीने याच दिवसांत पाहुण्यांसाठी ज्वारीच्या भाकरी थापल्या होत्या. गरम पाण्यात पीठ मळायचे, पाण्याचा हात लावत भाकरी थापायची आणि बोटांनी तव्यावर उलटायची. भिजवणे, तापवणे आणि टोकावर जोर देणे, अशी तिहेरी परीक्षा! ईथाईल मेथाक्रिलेटचे साधे बहुवारिक सुमारे ६५ अंशांना मऊ पडू लागते. उन्हात नख तेवढे तापत नाही, पण तव्याचे तापमान त्याहून किती तरी जास्त असते. ॲक्रिलिक जळतेही, हे विसरू नये.

तरफेचा खेळ

नख दरमहा सुमारे ३ मिलिमीटर वाढते. त्याबरोबर ॲक्रिलिकचा थर पुढे सरकतो, मुळाशी उघडे नख दिसू लागते आणि बाहेर आलेले टोक लांब होते. ही झाली तरफ. टोक जितके लांब, तितका त्याच धक्क्याचा परिणाम सांध्यावर मोठा. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी मुळाशी भर घालून टोक कमी करून घेतात. उन्हाळ्यात लांबी मुळातच आखूड ठेवावी. हा शोभेचा प्रश्न नसून बलाच्या आघूर्णाचा आहे!

बसवितानाच बिघडते ते

काही दोष पहिल्याच दिवशी पडतात. रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर वाढतो. १० अंशांनी तापमान वाढले, की वेग ढोबळमानाने दुप्पट, असे आपण शिकवतो. पंखाही नसलेल्या तापलेल्या खोलीत ॲक्रिलिकचा गोळा नीट पसरण्याआधीच घट्ट होऊ लागतो. नखाला सर्वत्र चिकटण्याऐवजी मध्ये हवेचे कप्पे राहतात. त्यातच बोटाचा घाम किंवा तेल लागलेले असेल, तर द्रव नखावर पसरत नाही. तेलकट ताटलीवर पाण्याचे थेंब गोळा होऊन राहतात, तसेच. म्हणून हे काम सकाळच्या गारव्यात, खेळती हवा असलेल्या खोलीत, कोरड्या आणि स्वच्छ बोटांवर व्हावे. बसविण्यापूर्वी तेल नको. बसविल्यानंतर मात्र रोज रात्री नखाच्या कडांना तेलाचे बोट लावावे. त्यामुळे नखातील पाण्याची ये-जा मंदावते.

पिवळे दोन प्रकारचे

भाचीची नखे पिवळी का पडली? कारणे दोन असू शकतात. एक, सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी प्लॅस्टिकमध्ये होणारे बदल. दुसरे, हळदीसारखा बाहेरचा रंग प्लॅस्टिकमध्ये मुरणे. उन्हापासून त्वचा वाचविण्याच्या काही मलमांमुळेही ॲक्रिलिकवर डाग पडतात. ते लावल्यावर नखे पुसून घ्यावीत.

हळदीचा डाग ओळखण्याची युक्ती मजेदार आहे. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दोन चमच्यांना तेलात कालवलेली हळद लावा आणि तासाभराने पुसून टाका. एक चमचा कपाटात ठेवा, दुसरा उन्हात. काही दिवसांत उन्हातला डाग फिका पडेल, कारण हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य प्रकाशाने मोडते. म्हणजे एक पिवळेपणा ऊन आणते आणि दुसरा ऊनच घालविते! भाचीची नखे दोन दिवस अंगणात फिरताना बरीच उजळली. दोष हळदीचा होता.

फट: लहान, पण घातकी

आता महत्त्वाचे. नख थोडे उचलले, की भाचीसारख्या अनेकजणी ते दाबून गोंदाने चिकटवितात. हे कधीही करू नये. त्या फटीत पाणी अडकते. ऊब, ओलावा आणि अंधार मिळाला की स्यूडोमोनास जातीचे जीवाणू तेथे वाढू शकतात आणि नखावर हिरवट डाग पडतो. डाग दिसला, तर त्यावर रंग लावून झाकू नये. कवच काढून टाकावे, नख कोरडे ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

घाईच्या गोंदाचा, म्हणजे सायनोॲक्रिलेटचा, आणखी एक धोका आपल्या सुताच्या गावाने ध्यानात ठेवावा. तो कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला, तर क्रिया झपाट्याने होऊन इतकी उष्णता निर्माण होते, की त्वचा भाजू शकते. सांडलेला गोंद कापसाच्या बोळ्याने पुसू नका.

नखे काढण्यासाठी ॲसिटोन वापरतात. त्यात बोटे बुडवून कवच मऊ होऊ द्यावे. ओरबाडून काढू नये, कारण त्याबरोबर खऱ्या नखाचे पापुद्रे निघतात. ॲसिटोनची वाफ शून्याखालील तापमानालाही ठिणगीने पेट घेऊ शकते. ईथाईल मेथाक्रिलेटच्या द्रवाला २० अंशांच्या आसपासचे तापमान पुरते. सोलापूरच्या मे महिन्यात हे दोन्ही द्रव कायम धोक्याच्या रेषेवर असतात. स्वयंपाकघरात, देवापाशी निरांजन तेवत असताना किंवा उदबत्तीजवळ त्यांची बाटली उघडू नका.

शेवटची गोष्ट कधीच हलक्याने घेऊ नये. न जोडले गेलेले सुटे रेणू त्वचेला लागले, तर काहींना त्यांची ॲलर्जी होते. बोटे खाजतात, लाल होतात, नख सुटते. ही ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते. २०१८ मध्ये ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याबद्दल इशारा दिला होता. त्याच कुळातील पदार्थ दातांच्या उपचारांत आणि कृत्रिम सांधे बसविण्याच्या शस्त्रक्रियेत वापरतात. पंधराव्या वर्षीच्या हौसेची अडचण पन्नाशीत उभी राहू शकते, ती अशी. मिथाईल मेथाक्रिलेटच्या द्रवाबद्दल तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच तशा मालाविरुद्ध कारवाई केली होती. तेव्हा घरी प्रयोग नकोत, द्रव त्वचेला लागू देऊ नये आणि खाज सुटताच थांबावे.

भाचीने नखे रीतसर काढून घेतली. हिरवा डाग नव्हता, हे नशीब. मग मी तिला च्युइंगगमच्या वेष्टणाची, एका बाजूस कागद आणि दुसऱ्या बाजूस चंदेरी पत्रा असलेली पट्टी गरम तव्यापासून वीतभर उंचीवर चिमट्याने धरायला सांगितली. कागदातील ओलावा गेला, तो आकसला. पत्रा थोडा वाढला. पट्टी कागदाच्या बाजूस वळत गेली.

"म्हणजे माझ्या नखांचं हेच झालं!" ती म्हणाली.

हेच झाले. तुम्हीही मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करून पाहा. एकदा ही पट्टी वळताना पाहिली, की हात धुतल्यावर बोटे कोरडी पुसण्याची, भांडी घासताना रबरी हातमोजे घालण्याची आणि उचललेले नख न दाबण्याची आठवण कोणी करून द्यावी लागणार नाही.