पडद्यावरची ती दुपार

संमोहन हा शब्द काढला की घरात लगेच दोन तट पडतात. एकाला ते निव्वळ थोतांड वाटते, तर दुसऱ्याला मोहिनीविद्या. दोघांच्याही डोळ्यांसमोर असतो तो गॅदरिंगमधला जादूगार, समोरच्याकडून सफरचंद म्हणून कांदा खाववणारा. त्या जादूगाराला आज बाजूला ठेवू. अपघात, भूकंप, दंगल, दरोडा यांतून जीव वाचला, पण मन तिथेच अडकून राहिले, अशा माणसांना या विद्येचा जो उपयोग होतो, त्याविषयी मला सांगायचे आहे.

‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला तो मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यवैद्याने, 1843 च्या आपल्या पुस्तकातून. ग्रीक भाषेत हिप्नॉस म्हणजे झोप. पण ही झोप नव्हे, एकाच कल्पनेवर खिळलेले लक्ष आहे, हे पुढे त्याच्याच ध्यानात आले. त्याने दुसरे नाव सुचवूनही पाहिले. पण एकदा पडलेले नाव कुठे सुटते! आपल्या देशातही हुगळीला जेम्स एस्डेल या कंपनी सरकारच्या डॉक्टराने 1845 पासून, क्लोरोफॉर्म येण्याआधी, रोग्यांना अशाच पद्धतीने गुंगवून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या होत्या.

मनाच्या जखमेवर हा उपाय मोठ्या प्रमाणात झाला तो पहिल्या महायुद्धात. खंदकांतून परतलेले कित्येक सैनिक थरथरत, कुणाची वाचा बसलेली, कुणाला काहीच आठवत नसे. ‘शेल शॉक’ हा शब्द 1915 मध्ये चार्ल्स मायर्स यांनी वैद्यकीय नियतकालिकात आणला आणि त्यांनी काही सैनिकांवर संमोहनाचे उपचारही केले. युद्ध संपल्यावर, 1920 मध्ये, तज्ज्ञांत एक वाद झाला. विल्यम ब्राउन यांचे म्हणणे, कोंडलेली भावना बाहेर पडली की माणूस मोकळा होतो. मायर्स आणि मॅकडूगल म्हणाले, नुसते रडून-ओरडून भागत नाही. तुटून पडलेली आठवण उरलेल्या आयुष्याला पुन्हा जोडली गेली पाहिजे. मला दुसरी बाजू पटते, आणि त्याचे कारण पुस्तकी नाही.

1996 साली मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. दुपारी दोनच्या सुमारास, शिपाई चॅनेल गेट ओढत असतानाच तिघे आत घुसले. आमचे हेड कॅशियर, त्यांना आपण नाना म्हणू, यांच्या कानशिलाला पिस्तूल लावले आणि काउंटरवरची रोकड घेऊन चार मिनिटांत पसार झाले. कुणाला खरचटलेही नाही. वरच्या कचेरीतून मात्र नानांना मेमो आला, रोकड प्रतिकार न करता का दिली म्हणून! तीस वर्षे कॅश सांभाळलेल्या माणसाला त्या कागदाने पिस्तुलापेक्षा जास्त घायाळ केले, असे माझे आजही मत आहे.

पुढे नाना आजारी रजेवर गेले. गेटची घरघर ऐकली की घाम फुटायचा, मग ती किराणा दुकानाच्या शटरची का असेना. रात्री दचकून उठायचे. वहिनींनी उतारे काढले, एका देवस्थानाला अमावास्या केल्या. शेवटी मुलाने शहरातल्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे नेले. या आजाराला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 1980 मध्येच त्याला आपल्या यादीत जागा दिली आहे, हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले.

बाईंनी ना लोलक हलवला, ना डोळ्यांत डोळे घातले. पहिल्या तीन-चार बैठका नुसत्या श्वास आणि अंग सैल सोडण्यात गेल्या. मनातल्या मनात एक निर्धास्त जागा निवडा म्हणाल्या. नानांनी निवडली ती लहानपणची विहीर, मोटेचे पाणी थारोळ्यात पडताना पाय सोडून बसायची. तिथे बसूनच त्यांनी दूर एक टीव्ही पाहायचा. त्यावर ती दुपार, काळ्या-पांढऱ्या रंगांत. बटण नानांच्या हाती. नको वाटले की आवाज कमी, फारच झाले की बंद. मग शेजारी दुसरा पडदा. त्यावर, त्या चार मिनिटांत तुम्ही कुणाला वाचवायला काय केले, ते पाहायचे.

नानांनी त्या वेळी पेन्शनसाठी आलेल्या एका म्हातारीला हाताने ढकलून काउंटरच्या आडोशाला बसवले होते. ही गोष्ट संमोहनात ‘सापडली’ नव्हती बरे. शिपायाने पोलिसांना दिलेल्या जबाबात ती होतीच. पण नानांच्या हिशेबात ती कधी जमाच झाली नव्हती. सहा महिन्यांनी ते कामावर रुजू झाले. मी एकदा भीतभीतच विचारले, “नाना, गेटचा त्रास होतो का हो अजून?” म्हणाले, “आवाज येतो साहेब. पण आता तो गेटचाच येतो.”

एका नानांवरून नियम निघत नाही, हे मी बँकेत शिकलो आहे. पण नेदरलँड्समध्ये 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 112 जणांवर तीन पद्धती वापरल्या होत्या. त्यांत संमोहनोपचारही होता. नुसते थांबून राहिलेल्यांपेक्षा तिन्ही गटांना अधिक आराम पडला; तिघांत फारसा फरक नव्हता. ऑस्ट्रेलियात 2005 साली 87 जणांच्या अभ्यासात, आघाताची आठवण समोर घेऊन केलेल्या वर्तनोपचाराला संमोहनाची जोड दिली. उपचार संपताना पुन्हा पुन्हा उसळणाऱ्या आठवणी तेवढ्या जास्त कमी झालेल्या दिसल्या. सहा महिन्यांनी मात्र जोड असलेले आणि नसलेले सारखेच. म्हणजे मुख्य औषध वेगळेच, संमोहन हे अनुपान. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2013 मध्ये आघातावर बेतलेले वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींची ‘ईएमडीआर’ पद्धत यांची शिफारस केली. शिवाय प्रत्येकाला संमोहन सारखे लागतही नाही.

‘विसरलेले खोदून काढतो’ म्हणणाऱ्यापासून मात्र चार हात दूर राहावे. संमोहनात आठवलेले अधिक खरे तर नसतेच, उलट कमी भरवशाचे ठरते, असे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1985 सालीच बजावले आहे. माणसाची खात्री तेवढी वाढते, आणि त्या खात्रीपायी घरे मोडू शकतात. तेव्हा आधी मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ गाठावा, आणि आघातानंतरच्या उपचारांचा त्यांचा अनुभव किती, हे संकोच न करता विचारावे. गावात असे कुणी नसेल तर 2022 पासून सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, क्रमांक 14416; मराठीत बोलता येते.