पुस्तक राहिले खोलीवर

सिल्वासाला दमणगंगेच्या काठी एक काळा-पांढरा पक्षी हवेत जागच्या जागी फडफडत राहिला नि सपकन पाण्यात शिरला. नातवाने नाव विचारले. माझे जाडजूड पुस्तक मात्र खोलीवर! कानडी सूनबाई म्हणाली, “मिंचुळ्ळी.” म्हणजे आपला खंड्या. “पण तो तर निळा असतो ना?” नातू ऐकेना.

सलीम अलींचे १९४१ चे पुस्तक घरी वाचायला गोडच. प्रवासाला मात्र पिशवीत मावेल असेच घ्यावे, चित्रासमोर माहिती असलेले. फोटोंपेक्षा चित्रे बरी. नर-मादी शेजारी दिसतात.

रात्री सापडला: कवड्या खंड्या. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीला एकच. आम्ही पट्टे मोजलेच नव्हते! सकाळी पुन्हा नदीवर, पुस्तक नातवाच्या काखेत.